गुलाबाची रोगप्रतिकारशक्ती : एक पाठ

गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडतात आणि पाने पिवळी होऊन गळतात. हा बुरशीजन्य रोग आहे. १९०० साली फ्रान्सच्या पेर्ने-द्युशे यांनी इराणी पिवळ्या गुलाबाच्या संकरातून ‘सोलेय द’ऑर’ हे वाण आणले. बागांना नवा रंग लाभला. परंतु त्याबरोबर या रोगापुढची दुर्बलताही पुढील अनेक वाणांत उतरली. औषधफवारणीने ती झाकली गेली, नाहीशी झाली नाही.

अमेरिकेतील विल्यम रॅडलर यांनी उलट मार्ग धरला. रोगट पाने वाळवून त्यांची पूड ते कोवळ्या रोपांवर टाकीत आणि पाने ओली ठेवीत. कारण ही बुरशी ओलाव्यातच रुजते. या परीक्षेत जी रोपे निरोगी राहिली, तीच पुढील संकरासाठी निवडली गेली. त्यातून आलेला ‘नॉक आउट’ गुलाब २००० साली बाजारात आला. मात्र विषाणूजन्य ‘रोझ रोझेट’ रोगापुढे तोही टिकत नाही.

‘एहिपस्सिको’, म्हणजे ये आणि स्वतः पाहा, ही धम्माची शिकवण या प्रयोगात आम्हांस दिसते. कुळाचा वा रंगाचा लौकिक हा पुरावा नव्हे. तथापि एक भेद आम्ही विसरत नाही : बागेत दुबळे रोप उपटले जाते, शाळेत त्याच्याच मुळाशी आधी माती घालायची असते.