बुटकी सूर्यफुलं : पहिला महिना सांभाळा

पाऊस ओसरला, दिवाळी तोंडावर आली, की बुटक्या सूर्यफुलांचं बी काढायला हरकत नाही. आता पेरलं तर नाताळ ते संक्रांत या दिवसांत फुलं हाती येतात. पावसाळ्यात पानांवरचा करपा झाड पोखरतो, त्याचा त्रास या दिवसांत बराच कमी. विदर्भात आणि नाशिककडे मात्र कडाक्याची थंडी पडण्याआधी पेरा. गार मातीत बी सुस्तावतं.

झाड ठेंगणं राहतं ते जातीमुळे, कुंडी लहान घेतल्यामुळे नाही. ‘बिग स्माइल’ फूट-सव्वा फुटावर थांबते, ‘सनस्पॉट’ दोन फुटांच्या आसपास. ‘टेडी बेअर’ दोन-तीन फुटांची, फूल झेंडूसारखं भरगच्च. पक्ष्यांना घालायचं बी आणून पेरलंत तर बहुधा डोक्यावर जाणारी झाडं मिळतील.

या झाडाचं आयुष्य तीन महिन्यांचं, त्यामुळे चूक भरून काढायला वेळ मिळत नाही. आठ-दहा पानं दिसतात तेव्हाच शेंड्याच्या पोटात फुलाची घडण सुरू झालेली असते. तोवर मुळं आखडली, पाणी तुटलं किंवा ऊन कमी पडलं, तर पुढे कितीही खत घाला, फूल वाटीएवढंच राहतं. म्हणून बी थेट कायमच्या जागी टोचा. याचं सोटमूळ सरळ खाली धावतं, त्याला उपटून लावणं सोसत नाही. कुंडी किमान दहा इंच खोल हवी, एका कुंडीत एकच झाड. वाफ्यात दोन झाडांत वीतभर तरी अंतर ठेवा. माती, चाळलेलं शेणखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट एवढं पुरे. बी इंचभर खोल घाला.

आठवड्याभरात कोंब वर येतो, कधी टरफलाची टोपी घालूनच. ती ओढू नका. सकाळी पाण्याचे दोन थेंब सोडा, टरफल मऊ होऊन आपोआप गळतं. ओढलं की डाळिंब्या तुटतात आणि रोप खुंटतं. चिमण्या, साळुंक्या आणि खारी याच दिवसांत टपलेल्या असतात, तेव्हा दोन-चार पानं येईपर्यंत वर जाळी हवीच.

ऊन सहा तासांहून कमी मिळणाऱ्या गॅलरीत हे झाड लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बुटकी जातही तिथे लांबट होऊन कलते. पाणी बोटभर माती कोरडी झाल्यावर, बुंध्याशी, सकाळी द्या. महिनाभराने शेणखताचं पातळ पाणी द्या. युरियाने पानंच माजतात. एका दांड्याच्या जातीचा शेंडा खुडू नका, तिचं एकुलतं फूल तिथेच असतं. ‘म्युझिक बॉक्स’सारख्या फांद्या फुटणाऱ्या जातीत मात्र सुकलेलं फूल वेळच्या वेळी काढलं, तर पुढच्या कळ्यांना जोर येतो.

आता कुंपणाकडे बघा. तिथे गाजर गवत फुललं असेल तर ते आधी उपटा. त्याच्या परागकणांबरोबर एक विषाणू येतो आणि फुलकिडे तो सूर्यफुलात पोहोचवतात. या नेक्रोसिस रोगाची नोंद कर्नाटकात १९९७ मध्ये झाली आणि शेतातल्या सूर्यफुलाचं त्याने मोठं नुकसान केलं. पानाचा एक भाग करपून वाळतो, देठावर काळपट रेघा उमटतात, शेंडा पिळवटतो आणि कळी उमलतच नाही. असं झाड बरं होत नाही, लगेच काढून टाका. बाकीच्यांवर निंबोळी अर्क फवारा, पण संध्याकाळी. फुलं उमललेली असतील तर फवारणी नकोच. सकाळभर सातेरी आणि फुलोरी मधमाश्या तिथे असतात.

फुलदाणीसाठी फूल पाकळ्या नुकत्या सुटू लागल्या की पहाटे कापा. बी धरायचं असेल तर फुलाची पाठ पिवळी पडून तपकिरी होईपर्यंत थांबा आणि पोपटांपासून वाचवायला त्यावर मलमलीचं फडकं बांधा. संकरित जातीचं बी मात्र ठेवू नका, पुढच्या पिढीत उंची आणि फूल एकसारखं येत नाही. सलग फुलं हवी असतील तर सगळं बी एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी थोडंथोडं पेरा.