घटक ४ : इंग्रजीच्या वर्गातील मराठी – मुलांच्या त्रुटी आणि शिक्षकाचे भाषाविज्ञान

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
१. चूक आणि त्रुटी यांतील फरक सांगता येईल.
२. मराठी व इंग्रजी यांच्या स्वनव्यवस्थेतील व वाक्यरचनेतील ठळक भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
३. विद्यार्थ्याच्या इंग्रजी वाक्यामागील मराठी रचना ओळखता येईल.
४. कोणत्या त्रुटी मराठीमुळे होत नाहीत, हे कारणासह सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण प्राथमिक शाळेत शिकवता शिकवता ही पदवी घेत आहात. मराठीच्या पदवीसाठी भाषाविज्ञान कशाला, आणि त्यात पुन्हा इंग्रजीच्या वर्गाचा विचार कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर आपल्या राज्याच्या अलीकडच्या शैक्षणिक इतिहासात आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यापूर्वी ते सामान्यतः पाचवीपासून सुरू होत असे. हा निर्णय घेतला गेला तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते प्रा. रामकृष्ण मोरे. ते पिंपरी-चिंचवडचे. चिंचवडहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने निघालात, तर आकुर्डी, देहूरोड आणि त्यानंतर बेगडेवाडी हे छोटे स्थानक लागते. या निर्णयाचा खरा भार पडला तो अशाच गावांतील आणि वाड्या-वस्त्यांवरील शिक्षकांवर. जो शिक्षक मराठी, गणित आणि परिसर अभ्यास शिकवत होता, त्यालाच इंग्रजीही शिकवावे लागले.

अशा शिक्षकाला आपले इंग्रजी कमी पडते, ही खंत नेहमी वाटते. ती खंत समजण्यासारखी आहे. परंतु त्याच्याजवळ एक मोठे भांडवल असते, याची जाणीव त्याला सहसा करून दिली जात नाही. मूल ज्या भाषेतून इंग्रजीकडे येते, ती भाषा त्याला येत असते. त्या भाषेची व्यवस्था त्याने डोळसपणे अभ्यासली, तर मुलाच्या वहीतील इंग्रजी त्याला वाचता येते. या घटकाचे प्रतिपाद्य एवढेच आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ चूक आणि त्रुटी

असे समजा की, बेगडेवाडीच्या परिसरातील एका शाळेत तुम्ही पाचवीच्या वर्गाला 'माझे कुटुंब' या विषयावर इंग्रजीत चार वाक्ये लिहायला सांगितली. एका मुलाने लिहिले : 'माय फादर आर फार्मर.' तुम्ही 'आर' खाली लाल रेघ ओढली आणि वर 'इज' लिहिले. पुढच्या आठवड्यात त्याच मुलाने लिहिले : 'माय ग्रँडफादर आर ओल्ड.' मात्र त्याच पानावर 'माय ब्रदर इज स्मॉल' हे वाक्य अचूक होते.

मूल निष्काळजी असते, तर त्याने 'ब्रदर'बाबतही कधी 'आर', कधी 'इज' लिहिले असते. तसे झालेले नाही. वडील आणि आजोबा यांच्यासाठी 'आर', धाकट्या भावासाठी 'इज', हा नियम ते कसोशीने पाळत आहे. 'माझे वडील शेतकरी आहेत', 'माझे आजोबा म्हातारे आहेत', 'माझा भाऊ लहान आहे' ही वाक्ये शेजारी ठेवा, म्हणजे नियम दिसेल. मराठीत वडीलधाऱ्यांसाठी आदरार्थी बहुवचन वापरतात. घरात शिकलेला हा आदर मुलाने इंग्रजीत नेला. त्याला 'साधे इज-आर कळत नाही' असे वर्गासमोर म्हणणे म्हणजे त्याच्या भाषिक समजेवर आणि संस्कारावर एकाच वेळी रेघ ओढणे होय. अध्यापनाच्या पहिल्या वर्षांत प्रस्तुत लेखकानेही अशा पुष्कळ रेघा ओढल्या आहेत.

ब्रिटिश भाषावैज्ञानिक एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली या संदर्भात एक महत्त्वाचा भेद मांडला. नियम माहीत असूनही थकव्याने किंवा घाईने जे घडते ती 'चूक'. ती लक्षात आणून दिली की बोलणारा स्वतः दुरुस्त करतो. शिकणाऱ्याच्या मनातील त्या वेळच्या नियमव्यवस्थेतून जे सातत्याने घडते ती 'त्रुटी'. त्रुटीतून शिक्षकाला विद्यार्थी कोठवर आला आहे हे कळते. पुढे १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी विद्यार्थ्याच्या या मधल्या व्यवस्थेला 'अंतरभाषा' ही संकल्पना दिली. अंतरभाषा म्हणजे धड मराठी नव्हे, धड इंग्रजी नव्हे; तरीही तिला स्वतःचे नियम असतात.

४.३.२ स्वनांच्या पातळीवर

देहूरोड स्थानकाच्या फलकावरील रोमन अक्षरे आठवून पाहा. 'देहू'मधला द आणि 'रोड'मधला ड एकाच रोमन अक्षराने लिहिलेले आहेत. आपल्याला ते दोन वेगळे स्वन वाटतात, कारण मराठीत द आणि ड यांच्या भेदाने अर्थ बदलतो : 'दाव' आणि 'डाव'. ज्या स्वनभेदाने अर्थभेद होतो, त्या स्वनांना त्या भाषेचे वेगवेगळे स्वनिम म्हणतात. इंग्रजीत आपल्यासारखा दंत्य द आणि मूर्धन्य ड असा भेद नाही.

आता उलट बाजू पाहा. इंग्रजीतील 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' हे अर्थाने भिन्न शब्द आहेत. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकून हवा घासत बाहेर पडते. दुसऱ्यात दोन्ही ओठांचा चंबू होतो. मराठीचा व एकच आहे, म्हणून मुलाला दोन्ही शब्द सारखे ऐकू येतात. परंतु मराठी लेखनाने व्ह आणि व अशी सोय आधीच करून ठेवली आहे. 'व्हॅन' व 'वॉच' हे शब्द फळ्यावर लिहून ओठांची हालचाल दाखवली, तर हा भेद शिकवणे सोपे जाते.

'शिप' (जहाज) आणि 'शीप' (मेंढी) यांची अडचण अधिक बोधप्रद आहे. मराठी लेखनात ऱ्हस्व-दीर्घ इकार काटेकोरपणे वेगळे असले, तरी बोलण्यात इ-ई यांची लांबी बहुधा शब्दातील स्थानावरून ठरते. केवळ लांबीमुळे अर्थ बदलला, असे क्वचितच घडते. म्हणून मुलाचे मराठी श्रुतलेखनातील ऱ्हस्व-दीर्घ आणि इंग्रजीतील 'शिप-शीप' हे दोन्ही एकाच कारणाने चुकतात. शिवाय इंग्रजीतील भेद केवळ लांबीचा नसून जिभेच्या स्थितीचाही आहे. तेव्हा 'लांब म्हण' एवढे सांगून भागत नाही. दोन्ही शब्द पुष्कळदा ऐकवावे लागतात.

'मराठीत जसे बोलतो तसे लिहितो, इंग्रजीत मात्र गोंधळ आहे' असे आपण मुलांना सांगतो. ते पूर्ण खरे नाही. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचे भांडे, हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. अक्षर एक, उच्चार दोन. अक्षर आणि स्वन या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी मुलाला नकळत ठाऊक असते. ते त्याच्या ध्यानात आणून दिले, की 'कॅट' आणि 'सिटी' या शब्दांच्या आरंभी एकच अक्षर का, हा प्रश्न त्याला भीतिदायक वाटत नाही.

४.३.३ वाक्यरचनेच्या पातळीवर

अमेरिकन भाषावैज्ञानिक रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली व्यतिरेकी विश्लेषणाची पद्धत सविस्तर मांडली : दोन भाषांच्या रचना समोरासमोर ठेवायच्या आणि भेद टिपायचे. मराठी मुलांच्या बाबतीत पुढील चार स्थळे विशेष लक्षात ठेवावीत.

(अ) उपपद : 'माय फादर आर फार्मर' या वाक्यात आणखी एक गोष्ट राहिली आहे. 'फार्मर'पूर्वी इंग्रजीत 'अ' हे उपपद हवे. मराठीत उपपदे नाहीत. 'ते एक शेतकरी आहेत' असे आपण एरवी म्हणत नाही. जी जागा मराठीत नाहीच, ती भरायची कशी, हा मुलाचा खरा प्रश्न असतो.

(आ) अनुभव घेणारा : 'मला भूक लागली', 'मला आंबा आवडतो', 'मला ताप आला'. येथे अनुभव घेणारी व्यक्ती 'ला' प्रत्यय घेते. इंग्रजीत तीच व्यक्ती कर्त्याच्या जागी बसते व 'आय' होते. त्यात भर म्हणजे इंग्रजी 'मी' हा शब्द मराठी 'मी'सारखा ऐकू येतो, पण त्याचा अर्थ 'मला' असा आहे. 'मी लाइक मँगो' असे लिहिणाऱ्या मुलाला दोन्ही भाषांनी मिळून चकवलेले असते.

(इ) प्रयोजक क्रियापद : मराठीत 'शिकणे'पासून 'शिकवणे', 'बसणे'पासून 'बसवणे' होते. धातू एकच राहतो. इंग्रजीत 'लर्न' आणि 'टीच' हे स्वतंत्र शब्द आहेत. 'माय टीचर लर्न्स मी इंग्लिश' या वाक्यामागे हा मराठी नियम आहे.

(ई) प्रश्नरचना : 'तू हसतोस' आणि 'तू का हसतोस?' यांत पदांचा क्रम बदलत नाही, केवळ 'का' येतो. म्हणून 'व्हाय यू आर लाफिंग?' असे वाक्य तयार होते. इंग्रजीत प्रश्न करताना 'आर' हे पद 'यू'च्या आधी न्यावे लागते.

प्रत्येक वेळी उणीव मराठीकडेच असते असे मात्र नाही. 'आम्ही' म्हटले तर ऐकणारा वगळला जातो आणि 'आपण' म्हटले तर तो धरला जातो. इंग्रजीच्या एकट्या 'वुई'ला हा भेद दाखवता येत नाही. ही तुलना वर्गात अवश्य सांगावी. आपली भाषा अपुरी आहे असा समज त्यामुळे मुलांच्या मनात रुजत नाही.

४.३.४ सारा भार मराठीवर टाकू नये

व्यतिरेकी विश्लेषणाची मर्यादाही ओळखली पाहिजे. 'शी गो टु स्कूल' असे लिहिताना मूल 'गोज'मधील शेवटचा प्रत्यय गाळते. हे मराठीमुळे घडते का? मराठीत 'मी जाते, तू जातेस, ती जाते' असे क्रियापद पुरुषानुसार बदलते. मराठीचाच प्रभाव असता, तर उलट हा प्रत्यय लक्षात राहायला हवा होता. अन्य अनेक भाषा बोलणारेही तो गाळतात. म्हणजे येथील अडचण इंग्रजीच्याच रचनेत आहे.

तसेच 'गो'चे भूतकाळी रूप 'गोड' करणारे मूल एक नियम सर्वत्र लावून पाहत असते. घरातले लहान मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणते, तेव्हा आपण कौतुकाने हसतो. दोन्ही ठिकाणी प्रक्रिया एकच आहे. तिला अतिसामान्यीकरण म्हणतात.

आणखी एक सावधगिरी. मुलाची घरची भाषा प्रमाण मराठीच असेल असे गृहीत धरू नये. मावळात कातकरी वस्त्या आहेत. कारखान्यांमुळे परप्रांतांतून आलेली कुटुंबेही आहेत. कातकरी बोली घरात बोलणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत भेटलेली नवी भाषा असते आणि इंग्रजी त्यापुढची. अशा मुलाच्या वाक्यामागे कोणती रचना आहे, हे आपल्या मराठीवरून ठरवता येत नाही. ते त्याला विचारावे लागते.

४.३.५ वही तपासताना

१. वाक्य खोडण्यापूर्वी मुलाला विचारा : 'तुला मराठीत किंवा घरच्या भाषेत काय म्हणायचे होते?'
२. दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहा.
३. हीच रचना वहीत अन्यत्र आली आहे का ते पाहा. आली असल्यास ती त्रुटी. एकदाच आली असल्यास बहुधा चूक.
४. एका वेळी एकच भेद शिकवा. 'आर-इज' शिकवण्याच्या दिवशी उपपदाकडे दुर्लक्ष करा.
५. भेद सांगताना मराठीचा नियम आधी सांगा : 'आपण वडिलांना आदराने आहेत म्हणतो, इंग्रजीत आदर क्रियापदातून दाखवत नाहीत.'

४.४ सारांश

विद्यार्थ्याची त्रुटी नियमबद्ध असते. तिचा उगम कधी मातृभाषेच्या रचनेत, तर कधी इंग्रजीच्या रचनेत असतो. मराठीचे स्वन, प्रत्यय आणि पदक्रम यांचे ज्ञान असलेला शिक्षक हा उगम शोधू शकतो. म्हणून मराठीचे भाषावैज्ञानिक अध्ययन इंग्रजीच्या वर्गातही उपयोगी पडते.

४.५ पारिभाषिक शब्द

स्वनिम : अर्थभेद घडवणारे स्वनाचे एकक.
अंतरभाषा : शिकणाऱ्याच्या मनातील मधली, बदलती भाषाव्यवस्था.
व्यतिरेकी विश्लेषण : दोन भाषांच्या रचनांतील भेदांचा पद्धतशीर अभ्यास.
अतिसामान्यीकरण : एखादा नियम अपवादांनाही लागू करणे.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'माय फादर आर फार्मर' या वाक्यात मराठीचे कोणते दोन परिणाम दिसतात?
२. 'शी गो टु स्कूल' ही त्रुटी मराठीमुळे होते असे का म्हणता येत नाही?

उत्तरे : १. आदरार्थी बहुवचन आणि उपपदाचा अभाव. २. मराठीतही क्रियापद पुरुषानुसार बदलते, आणि अन्य भाषा बोलणारेही ही त्रुटी करतात.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या वर्गातील किंवा शेजारच्या एका मुलाची इंग्रजीची वही घ्या. त्यातील दहा अशुद्ध वाक्ये निवडून त्या मुलाशी बोला आणि प्रत्येक वाक्यामागील त्याचा अभिप्रेत अर्थ त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. मग त्या वाक्यांचे चूक, मातृभाषाजन्य त्रुटी आणि इतर त्रुटी असे वर्गीकरण करा. मुलाचे नाव अहवालात लिहू नका. मात्र ज्या वाक्यात तुमचा पहिला अंदाज चुकला, ते अवश्य नोंदवा.