डोंगरवाटेचा अभ्यास

दिवाळीची सुटी जवळ आली की तरुणसंघांमध्ये डोंगरावर जाण्याची बोलणी सुरू होतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "कशाला जीव धोक्यात घालता?" मुले गप्प बसतात आणि चारदोन दिवसांनी कोणाला न सांगता निघून जातात. आमच्या मते खरा धोका येथूनच सुरू होतो. कोठे गेला, कोणाबरोबर गेला, केव्हा परतणार, हे घरी ठाऊक नसलेला मुलगा डोंगरात वाट चुकला, तर त्याला शोधावयास कोणी निघतच नाही. म्हणून हा विषय नुसत्या होकार-नकारावर न सोडता या महिन्याच्या पाठात नीट अभ्यासावा असे आम्हांस वाटले.

हा पाठ आम्ही सुरतेच्या डिंडोली भागातील वर्ग डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहोत. उधन्याच्या पलीकडील या वस्तीत धुळे, नंदुरबार, जळगाव या बाजूंनी आलेली हजारो घरे आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी. कामे यंत्रमागावर, रंगाईच्या मिलमध्ये किंवा साड्यांच्या दुकानात. पाळी बहुधा बारा तासांची. जमीन इतकी सपाट की उड्डाणपूल सोडला तर चढण अशी नाहीच. गावी जाताना रात्रीच्या गाडीत नवापूरच्या आसपास अंधारात डोंगर निघून जातात, आणि मुलाला वाटते की सुरत व खानदेश यांच्यामध्ये नुसती झोप आहे.

वास्तविक तापीच्या दक्षिणेपासूनच सह्याद्रीस आरंभ होतो. तेथून दक्षिणेस तो सुमारे सोळाशे किलोमीटर जातो. डांगचे जंगल ओलांडले की बागलाण लागते, आणि तेथे १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर उभा आहे. महाराष्ट्रातील किल्ल्यांत हा सर्वांत उंच. शिखरांत त्याच्या वर फक्त १,६४६ मीटरचे कळसूबाई. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजीमहाराज याच बागलाणातून परतले आणि वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी लढाई झाली. (नाशिकचे दिंडोरी आणि आपली डिंडोली यांत नव्या माणसाचा नेहमी घोळ होतो, म्हणून वर्गात नकाशा लावावा.) पुढे १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरविले. म्हणजे सुरत ते बागलाण ही वाट पायांची, घोड्यांची, ओझ्यांची आहे. आगगाडी मागाहून आली. आजही चैत्रात आपल्याच गल्ल्यांतून खानदेशी शेजारी सप्तशृंगीस पायी निघतात. दोनशे किलोमीटरच्या घरातील ही चाल गृहिणी आणि म्हातारी माणसेही पुरी करतात. लांब चालण्याविषयी शिकावयाचे असेल, तर पायाला फोड आल्यावर काय करावे हे त्यांना विचारावे; कोणत्याही पुस्तकापेक्षा ती माणसे अधिक सांगतील.

आता लाभाचे पाहू. पुष्कळदा "निसर्गसौंदर्य" या एका शब्दावर हा भाग उरकला जातो. आम्हांला त्याहून निराळ्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली शांतता. बारा तास मागांचा खडखडाट ऐकणाऱ्या तरुणाला हळू बोलणे ऐकू येईनासे होते, आणि तो स्वतःही ओरडून बोलू लागतो. दोन दिवस डोंगरात चालल्यावर त्याचा आवाज खाली येतो. कान बिघडले असतील तर ते काही याने बरे होत नाहीत, पण आपण ओरडत होतो हे त्याचे त्याला कळते. दुसरी गोष्ट गतीची. कारखान्यात मनुष्य यंत्राच्या वेगाने चालतो. डोंगरवाटेवर संघाचा वेग ठरतो तो सर्वांत हळू चालणाऱ्यावरून. जोरात पुढे जाणाऱ्यास थांबावे लागते, मागे राहिलेल्यास लाज वाटू नये अशी वागणूक ठेवावी लागते, आणि पाण्याची बाटली कोणाची याचा हिशेब सुटतो. साल्हेरवाडी, वाघांबे, मुल्हेर अशा गावांतून साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड असा तीनचार दिवसांचा फेरा करणारी मुले वाटेत ज्यांच्या ओट्यावर टेकतात, ती माणसे कोकणी, भिल्ल, शेतकरी. मजुरीसाठी सुरतेस येणारे लोक कोणत्या घरांतून येतात हे डिंडोलीच्या मुलाला तेथे प्रथमच दिसते.

वयाची अडचण सांगणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. अमेरिकेत ॲपालेशियन ट्रेल नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट आहे. १९५५ साली एमा गेटवुड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या बाईंनी ती एकटीने एका दमात पुरी केली. अकरा मुलांची ही आई. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. वर्तमानपत्रांनी हे फार रंगविले. पण वर्गात सांगावयाचा भाग त्याच्या आधीचा आहे. १९५४ साली त्या एकदा निघाल्या होत्या. मेन प्रांतात वाट चुकल्या, चष्मा फुटला, आणि जंगलखात्याच्या माणसांनी सांगितल्यावर त्या घरी परतल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकापासून त्यांनी पुन्हा आरंभ केला. आमच्या मते त्या माघारीची किंमत साडेतीन हजार किलोमीटरांएवढीच आहे.

त्याच वाटेवर २०१३ साली सासष्ट वर्षांची दुसरी एक बाई शौचासाठी पायवाट सोडून झाडीत गेली आणि परत येताना तिला वाट सापडली नाही. मोबाइलवरून तिने निरोप लिहिले. रेंज नसल्याने एकही गेला नाही. ती तंबूत तीन आठवड्यांहून अधिक दिवस जिवंत होती, हे तिच्या वहीवरून कळले. अवशेष सापडले ते २०१५ मध्ये. ही हकीगत मुलांना भिववण्यासाठी सांगू नये. तिच्यातून निघणारा नियम साधा आहे: वाट सोडताना सोबत्यास सांगावे, पाठपिशवी वाटेवरच ठेवावी, सोबत्याने हलू नये. चुकल्याचे ध्यानात येताच पुढे जाऊ नये. जेथे आहोत तेथेच थांबून शिट्टी वाजवावी. मोबाइल जवळ आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी साल्हेरच्या आडोशाला रेंज किती ठिकाणी मिळते हे एकदा पाहावे.

सह्याद्रीत विरळ हवेचा त्रास होत नाही. तेवढी उंचीच येथे नाही. येथील संकटे म्हणजे ऊन, पाणी, दरीची धार, धुके आणि आग्या मोहोळ. मार्चनंतर कातळ तापतो, टाक्यांतील पाणी आटते, आणि तीन-चार लिटर पाणी बरोबर नसेल तर धडधाकट तरुणासही भोवळ येते. पावसाळ्यात याच्या उलट: सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी ओलांडता येत नाही, आणि ढग उतरले की दहा पावलांपुढचे दिसत नाही. कपारीत मोहोळ असेल तर धूर, आरडाओरड, अंगावरचे अत्तर या तिन्ही गोष्टी वर्ज्य. माश्या उठल्याच तर हात न झाडता डोके-तोंड झाकून त्या जागेपासून दूर निघावे. वाळल्या गवताच्या दिवसांत विस्तव तर नकोच. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने गाठलेल्या तुकड्यांतील वीसहून अधिक माणसे गेली. ज्या जंगलात परवानगी लागते तेथे ती घेणे ही कटकट नव्हे. आत किती माणसे आहेत हे कोणास तरी ठाऊक असावे, यासाठीच ती असते.

हिमालयाची गोष्ट निराळी. सुरतेहून पुष्कळ तरुण यूथ होस्टेल्सच्या मोहिमांना जातात, ते चांगलेच आहे. अडीच हजार मीटरांच्या वर डोके दुखणे, मळमळ, झोप न येणे ही लक्षणे दिसली तर वर चढू नये, आणि ती वाढली तर रात्र असली तरी खाली उतरावे. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातील नऊजण हिमवादळात थंडीने मरण पावले. थंडी हा शत्रू सुरतेच्या माणसाला ओळखू येत नाही. घामाने भिजलेला सुती सदरा वाऱ्यात किती धोक्याचा असतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्यांना पद्धतशीर शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी गुजरात सरकारची अबू येथील स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्था आहे.

मंडळीत हा विषय निघाला की साधू सुंदरसिंगांचे नाव निघतेच. १९०८ पासून ते वारंवार हिमालय ओलांडून तिबेटात गेले. एप्रिल १९२९ मध्ये खालावलेल्या प्रकृतीत पुन्हा निघाले, ते परत आले नाहीत. त्यांची निष्ठा मोठी खरी, पण तरुणसंघाने सहलीसाठी त्या शेवटच्या प्रवासाचा दाखला देऊ नये. त्यापेक्षा एलीयाचा प्रसंग घ्यावा (१ राजे १९). होरेबची चाळीस दिवसांची वाट सुरू होण्याआधी तो रतामाच्या झाडाखाली झोपला, आणि देवदूताने त्याला एकदा नव्हे, दोनदा उठवून जेवू घातले. थकलेल्या माणसाला उपदेश मिळाला तो मागाहून. आधी भाकर, पाणी आणि झोप.

तयारीविषयी थोडे. आधी सहा आठवडे रोज तासभर चालावे. डिंडोलीत डोंगर नाही, तर चार मजली इमारतीचा जिना आहे. पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नको. नवे बूट घालून निघणाऱ्यास घरीच ठेवावे. दशम्या, गूळ, शेंगदाण्याची चटणी, मीठ-साखर, प्रत्येकाजवळ बॅटरी आणि शिट्टी. सर्वांत मागे चालणारा एक जबाबदार मनुष्य नेमावा आणि त्याच्या मागे कोणी राहू नये. परतण्याची वेळ कागदावर लिहून पाळकसाहेबांकडे व घरी द्यावी. ती टळल्यावर किती तासांनी कोणाला कळवावयाचे तेही त्यावर असावे.

वेळेचा हिशेब मात्र मुलांकडूनच करून घ्यावा. स्कॉटलंडच्या नाइस्मिथने १८९२ मध्ये दिलेला आडाखा असा: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईस आणखी एक तास. हा हिशेब सराईत, सडसडीत माणसाचा. आपल्या संघासाठी त्यात निम्मी भर घालावी.

वर्गात चर्चेसाठी:

समजा, वाट पाच किलोमीटर आणि चढण आठशे मीटर आहे. वर पोहोचण्यास किती वेळ लागेल? निम्मी भर घातल्यावर किती? डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तर खालून किती वाजता निघावे, आणि किती वाजता, शिखर आले नसले तरी, मागे फिरावे?

उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. सुरतेत पहाटे पंधरा अंश असतील, तर साल्हेरच्या माथ्यावर झोपणाऱ्याने काय पांघरावे?

दुपारी तीन वाजता एकाचा घोटा मुरगळला. संघात आठजण आहेत. कोण थांबेल, कोण गावात जाईल, कोण किती पाणी ठेवून जाईल? उत्तर देताना आपापल्या संघातील माणसांची नावे घ्यावीत.