जुनं नाणं विकत घेताना नेमकं काय बघायचं?

जुन्या नाण्यांच्या धंद्यात नफा विकताना होत नाही, घेताना होतो. भाव ठरवण्याआधी नाणं वाचता आलं पाहिजे. व्हिडिओत भिंगाखाली दाखवलंय, इथे जरा सविस्तर सांगतो.

खर्च फार नाही. दहा पट दाखवणारं भिंग, ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा काटा आणि टेबल लॅम्प, एवढं पुरे.

पहिली तारीख. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर टांकसाळीची खूण बहुतेक वेळा वर्षाखालीच असते. मुंबई म्हणजे चौकट, हैदराबाद म्हणजे चांदणी, नोएडा म्हणजे ठिपका, आणि काहीच नसेल तर कोलकाता. (१९८५ च्या रुपयावर कधी इंग्रजी 'एच' दिसतो, ती नाणी बर्मिंगहॅमची.) एकाच वर्षाचं नाणं एका टांकसाळीचं पोत्याने मिळतं आणि दुसरीचं शोधावं लागतं. म्हणून नुसतं "१९८५ चा रुपया" लिहून भाव विचारू नका. खूण सांगा.

राणी व्हिक्टोरियाच्या रुपयात तर गंमतच आहे. १८६२ हेच वर्ष १८७४ पर्यंत छापत राहिले. मुंबईच्या रुपयांवर मागच्या बाजूला बारीक ठिपके आहेत, संग्राहक त्यांच्या संख्येवरून प्रकार लावतात. दोन रुपये शेजारी ठेवले तर नवख्याला फरक दिसत नाही, पण गिऱ्हाईक तो मोजूनच पैसे देतं.

१९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ, म्हणून फसवणूकही त्याच्यातच. काट्यावर ११.६६ ग्रॅम भरला म्हणून खूश होऊ नका. १९४० पासून चांदी निम्मी केली तरी वजन तेवढंच ठेवलं होतं! शेवटच्या आकड्याभोवतीचा सपाट भाग बघा. खरवडल्याच्या रेषा असतील, किंवा एक आकडा बाकीच्यांपेक्षा उंच-जाड वाटत असेल, तर नाणं परत द्या. अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील तर ओतीव नकलेचा संशय घ्या.

आता पृष्ठभाग. माझ्या मते नवीन माणूस सगळ्यात जास्त पैसे इथे घालवतो. नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवा. मूळ लकाकी असेल तर उजेडाचा पट्टा नाण्याबरोबर फिरतो. घासलेलं नाणं सगळीकडून सारखंच चमकतं आणि एकाच दिशेच्या बारीक रेषा दिसतात. चिंच लावून उजळवलेला रुपया घरच्यांना छान वाटतो, संग्राहक नाक मुरडतो. काळपट थर तसाच राहू द्या.

कड जरूर बघा. आपल्याकडे रुपये माळेत ओवायचे, त्यामुळे कडी लावलेल्या जागी डाख किंवा घासलेले दाते सापडतात. असा रुपया चांदीच्या भावाच्या आसपासच घ्या. सराफाने चांदी तपासायला मारलेला छोटा ठसा वेगळा. तो त्या काळच्या व्यवहाराचा भाग आहे, भाव कमी होतो पण लपवायचं काही नाही. विकताना फोटोत दाखवा, पावतीवर लिहा.

दोन गोष्टी कायद्याच्या. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. त्यांच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि ती परदेशी पाठवता येत नाहीत. दुकान टाकण्याआधी वकिलाशी बोलून घ्या. आणि "तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा" असा रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन आला तर सरळ ठेवून द्या. बँकेने २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की ती असे व्यवहार करत नाही.

पुढच्या भागात खरेदीची वही कशी ठेवायची ते बघू.