मुक्ताला, विहिरींबद्दल

चिंचणी, ता. डहाणू



तलासरीहून तुझ्या बाबांचा फोन आला होता. "गाड्या विजेवर चालायला लागल्या आणि पोरगी म्हणते पेट्रोलियम इंजिनिअरिंग! हे तुमच्यामुळेच." आरोप मान्य. तुझ्या बारशाला मी पन्ना-मुक्ता या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर ड्यूटीत अडकलो होतो आणि नाव तिथूनच कळवलं होतं. तेव्हा सल्ला देणं मलाच भाग आहे.

बाबांचं अर्धं खरं आहे. समुद्रात विहिरी खोदणाऱ्या 'सागर सम्राट'ला मुंबई हायमध्ये तेल लागलं 1974 साली. 1989च्या सुमारास तिथून रोज चार लाखांवर पिंपं निघत. आज त्याच्या निम्मीही नाहीत. धंदाही लहरी. 2020च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत तेलाचा वायदाभाव शून्याखाली गेला, तेव्हा माझ्या ओळखीतली मुलं घरी बसली. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी आणि हातात जाड पगार, एवढ्यासाठी येणार असशील तर येऊ नकोस.

पण आमची विद्या तेलाची नव्हती, खडकाची होती. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. आंबोळीच्या जाळीत तूप मुरावं तसं ते चुनखडकात मुरलेलं असतं. कुठल्या थरात दाब किती, द्रव कुठून कुठे सरकेल, हे हजारभर मीटर खाली न पाहता ओळखायचं. ही विद्या तेलाबरोबर संपत नाही. आपल्या उत्तरेचं ताप्ती वायूक्षेत्र 2016मध्ये थांबलं. मग विहिरी बुजवून प्लॅटफॉर्म काढले. समुद्रातलं असं काम देशात पहिलंच. विहीर कायमची मिटवणं खणण्याइतकंच कसबाचं, आणि पुढे मुंबई हायचीही पाळी येणारच. लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीने जमिनीतल्या उष्णतेसाठी खोदकाम हाती घेतलं. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडतात; दोनेक वर्षांत त्याचा बहुतेक दगड होतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसाल्टच.

म्हणून माझं ऐक. पदवी मेकॅनिकल किंवा केमिकलची घे, पेट्रोलियम एम.टेक.ला ठेव, म्हणजे एक दार लागलं तर दुसरं उघडं राहील. भूशास्त्र आणि खडकांचं बल शिकवणाऱ्या तासाला मात्र कधी दांडी मारू नकोस. त्याचं कारण तूच मला दिलंयस.

नोव्हेंबर 2018पासून धुंदलवाडीच्या बाजूने भूकंपाचे हादरे सुरू झाले, तेव्हा तू शाळकरी होतीस. थंडीत तुम्ही सगळे अंगणात ताडपत्रीखाली झोपत होता. तू विचारलंस, "मामा, खालून कोण ढकलतंय?" इतकी वर्षं खडकात काढूनही मला धड उत्तर देता आलं नाही.

आता ऊर्जा बदलेल, तरी माणूस खडकात काहीतरी सोडत राहणारच. कधी पाणी, कधी वायू, आणि तेही दाबाने. तो दाब चुकला तर खालची जुनी भेग सरकू शकते. उद्या कुणी टेबलावर थरांचा नकाशा पसरला, की त्यावरच्या गावात रात्री कोण झोपतं, हे विचारणारं माणूस त्या खोलीत लागेल. ते अंगणात झोपलेलं असेल तर विचारायला विसरणार नाही.

ताईला सांग, चिकूची पेटी शनिवारी एसटीने पाठवतोय. बाबांना आधी चिकू दे, मग हे पत्र.

तुझा,
मामा