मनात एक, हातून दुसरंच (गीता अध्याय ३, श्लोक ३६ ते ४१)



आज गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले शेवटाकडचे सहा श्लोक घेऊ. कर्मयोग सांगून झालाय आणि अर्जुन एक प्रश्न विचारतो. प्रश्न साधा आहे, पण आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे. माणसाच्या मनात नसतानाही त्याच्या हातून पाप घडतं, ते कोणामुळे? जणू कोणी मानगूट धरून त्याला कामाला जुंपलंय!

प्रश्न नीट बघा. अर्जुन दुष्ट माणसाबद्दल विचारत नाहीये. ज्याला बरं-वाईट कळतं, ज्याचा हेतू चांगला आहे आणि तरीही ज्याचं पाऊल भलतीकडे पडतं, त्याच्याबद्दल विचारतोय. म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल.

अर्थ थोडक्यात

भगवंतांचं उत्तर असं: रजोगुणातून जन्मलेला काम आणि क्रोध, हाच तो शत्रू. मग ते तीन दाखले देतात. धुराने जसा अग्नी झाकतो, धुळीने आरसा झाकतो, वारेने गर्भ झाकलेला असतो, तसं कामाने ज्ञान झाकलेलं आहे.

या तिन्ही दाखल्यांत एक गोष्ट सारखी आहे. आतली वस्तू शाबूत आहे. अग्नी विझलेला नाही, आरसा फुटलेला नाही, गर्भ जिवंत आहे. म्हणजे "मी उद्यापासून करतो" असं म्हणणाऱ्याचा हेतू खोटा असतोच असं नाही. बऱ्याचदा तो खरा असतो, फक्त वर काहीतरी बसलेलं असतं. ते फुंकरीने जाणारं आहे, पुसून काढायचं आहे की त्याला नऊ महिने वाट बघावी लागणार आहे, एवढं ओळखायचं.

ज्ञानेश्वरीत या ठिकाणी माऊली काम-क्रोधांचं फार भयंकर वर्णन करतात. विषयांच्या दऱ्यांमध्ये राहणारे वाघ, अशीही एक उपमा त्यात येते. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. माऊलींच्या रेड्याची समाधी जिथे आहे त्या आळे गावाच्या आसपासही आज ऊस आहे, आणि उसात वाघ आहे. (आमच्याकडे बिबट्याला जुनी माणसं वाघच म्हणतात.)

उसातला वाघ

कुकडीचं आणि डिंभे धरणाचं पाणी आलं, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले, ऊस वाढला. उसात बिबट्याला आडोसा मिळाला, पाणी मिळालं, आणि वस्तीजवळची कुत्री, शेळ्या, वासरं मिळाली. माद्या उसातच पिल्लं घालतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, वनविभाग पिंजरे लावतो, तरी हल्ले होतात. माणसं गेली आहेत, त्यात लहान मुलंही आहेत. म्हणून हा विषय आमच्याकडे पुस्तकी नाही.

काय काळजी घ्यायची हे आता शाळेतलं पोरही सांगेल. रात्री एकट्याने रानात जायचं नाही. बॅटरी आणि काठी घ्यायची, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावायची. गोठा चारी बाजूंनी बंद करायचा. अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडायचं नाही. उसाजवळ खाली वाकून किंवा बसून राहायचं नाही.

सगळ्यांना माहीत आहे, सगळ्यांना पटलंय, सगळ्यांनी ठरवलंय. मग सगळे तसं वागतात का? नाही. अर्जुनाचा प्रश्न बरोबर इथे येऊन उभा राहतो.

शास्त्र काय म्हणतं

मनातलं मत आणि प्रत्यक्ष वागणं यांचा मेळ किती, हे मानसशास्त्रानेही पुष्कळ तपासलंय. रिचर्ड ला पिएर नावाचे अमेरिकन अभ्यासक १९३० ते १९३२ या काळात एका चिनी दांपत्याबरोबर अमेरिकाभर फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल उघड आकस होता. तरी २५१ हॉटेलं-खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, "चिनी गिऱ्हाइकांना घ्याल का?" उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी कळवलं, नाही घेणार. हा अभ्यास १९३४ साली छापून आला. इथे तर वागणं बोलण्यापेक्षा बरं निघालं! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. सर्व्हेत लोक लिहितात "हे फीचर रोज वापरू", आणि लॉग उघडून बघितला की चित्र वेगळंच असतं.

म्हणजे मताला काही किंमतच नाही का? तसंही नाही. पुढच्या संशोधकांच्या लक्षात आलं की प्रश्न फार ढोबळ विचारला जातो. आमच्याकडचंच बघा. पश्चिमेच्या डोंगरातले महादेव कोळी बांधव वाघबारस करतात, वाघोबाला पूजतात. पण "वाघ देव आहे का?" या प्रश्नाच्या उत्तरावरून आज रात्री गोठ्याचं दार लागलं की नाही ते कळणार नाही. त्यासाठी गोठ्याच्या दाराबद्दलच विचारावं लागेल.

आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ च्या लेखात याची नीट मांडणी केली. माणसाचा इरादा तीन गोष्टींतून बनतो. एक, त्या कृतीबद्दल त्याला स्वतःला काय वाटतं. दोन, आपल्या माणसांची काय अपेक्षा आहे असं त्याला वाटतं. तीन, ती गोष्ट आपल्या हातात आहे असं त्याला वाटतं का. ही तिसरी गोष्ट इरादा प्रत्यक्षात उतरतानाही आडवी येते.

आता रात्री उसाला दारं धरायला गेलेला शेतकरी डोळ्यांपुढे आणा. एकट्याने जाऊ नये हे त्याला पटलेलं आहे. पण शेजारच्या बांधावरचे चार जण जातात, आणि "घाबरला काय रे?" हा शब्द कोणाला ऐकायचा नसतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीने येते. या आठवड्यात दिवसा आली, तर पुढच्या आठवड्यात रात्री. लाईट रात्री दोनला आली तर मोटर रात्री दोनलाच चालू होणार. पीक जळताना बघत बसणं त्याच्या हातात नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आणली, ती याच दुखण्यासाठी महत्त्वाची आहे. उपदेशाची हजार पत्रकं जे करणार नाहीत ते दिवसाची लाईट करेल.

ऊसतोडीला आलेल्या आईचंही तसंच. लेकराला बंद घरात ठेवावं असं तिला वाटत नसेल का? पण ती कोपीत राहते. कोपीला दारच नसतं.

मग आपण काय घ्यायचं?

पहिली गोष्ट दुसऱ्यांसाठी. कोणाची कृती बघून त्याच्या मनाचा निकाल लावू नका. "लोकांना अक्कल नाही, सांगून ऐकत नाहीत" हे वाक्य शहरात बसून सोपं आहे. अर्जुनाने शब्द वापरताना किती दया ठेवली आहे बघा. मनात नसताना, जबरदस्तीने जुंपल्यासारखा, असं तो म्हणतो. ज्याला सुधारायचंय त्याच्या मानेवर कोणतं जू आहे ते आधी बघा, आणि ते काढायला हात लावता येत असेल तर लावा.

दुसरी गोष्ट स्वतःसाठी, आणि इथे सवलत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना लाईटच्या पाळीची अडचण नाही. आपलं जू आपणच मानेवर घेतलेलं असतं. भगवंत ४० व्या श्लोकात सांगतात की या शत्रूची बसायची ठिकाणं तीन: इंद्रियं, मन आणि बुद्धी. आणि लगेच ४१ व्या श्लोकात सांगतात की आधी इंद्रियांना आवर घाल. आपण नेमकं उलट करतो. आधी बुद्धीला पटवतो, मग मनाला जोर आणतो, निश्चय पक्का करतो, आणि हात, डोळा, जीभ मोकळी सोडतो. शत्रू दारातून आत येतो आणि आपण माडीवर पहारा देत बसतो!

पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलेला विचार इथे जुळतो. "मी अमुक करेन" एवढंच ठरवण्यापेक्षा "अमुक वेळ झाली, अमुक ठिकाणी असलो, की अमुक करेन" असं ठरवलं तर ते हातून घडण्याची शक्यता चांगलीच वाढते. प्रसंग समोर आला की हात आपोआप वळतो, मनाशी पुन्हा भांडावं लागत नाही.

आपल्या वारकरी आजोबा-पणजोबांनी हे शब्द ऐकले नव्हते, पण गोष्ट त्यांना माहीत होती. दिवेलागण झाली की हरिपाठ. एकादशी आली की उपास. पालखी निघाली की वारी. "मनात आलं की जाऊ" असं त्यांनी ठेवलंच नाही. मनाच्या भरवशावर वारी ठेवली असती तर पंढरपूर कितींना दिसलं असतं?

आजचा अभ्यास

१. अनेक दिवस मनात असलेली पण न घडणारी एकच चांगली गोष्ट निवडा.
२. तिच्यावर काय बसलंय ते लिहा: धूर, धूळ की वार. लोक काय म्हणतील ही भीती आहे का? खरोखर हातात नाही का, की तसं फक्त वाटतंय?
३. वेळ आणि जागा जोडून एक वाक्य लिहा. "रात्री जेवण झालं की फोन देवघरासमोर ठेवून आईशी दहा मिनिटं बोलेन" इतकं साधं चालेल.
४. गावाकडे घर असेल तर आज फोन करून गोठ्याच्या दाराची चौकशी करा. दार नीट नसेल तर ते कधी बसवायचं तो वार त्याच फोनवर ठरवा.

प्रार्थना

पांडुरंगा, चांगलं काय ते तू कळायला दिलंस. आता ते हातापायात उतरू दे. ज्यांना इच्छा असूनही सोय नाही, त्यांना सोय करून द्यायची बुद्धी आम्हाला दे. आणि आज रात्री रानात पाण्यावर असलेल्या प्रत्येकाला सुखरूप घरी आण.

राम कृष्ण हरि.