बोटीत पाणी भरायला किती खर्च येतो?

वेकबोर्डिंगची बोट मुद्दाम जड करून चालवायची असते. बाकीच्या बोटवाल्यांना हलकी आणि सुसाट बोट हवी. आपल्याला मात्र बोटीमागे उंच, गुळगुळीत लाट लागते, आणि बोट पाण्यात जितकी खोल बसेल तितकं जास्त पाणी बाजूला सारून ती मोठी लाट उठवते. कोकणातल्या गलबतांत रिकाम्या फेरीला तळाशी दगड-वाळू घालत, त्याला नीरम म्हणत. गलबत कलंडू नये म्हणून ते असायचं. इथे अमेरिकेत त्यालाच बॅलास्ट म्हणतात, आणि आपण ते लाटेसाठी भरतो.

मी टेक्ससमध्ये ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसवर २१ फुटी जुनी बोट चालवतो. यंदा आमच्या मंडळातल्या दोन कुटुंबांनी वापरलेल्या बोटी घेतल्या आणि दोघांचाही पहिला प्रश्न हाच होता: बॅलास्ट टाकायला किती लागतील? माझं उत्तर असं की पाचशे डॉलरपासून चार हजारांपर्यंत कितीही. मात्र पहिल्या हंगामात सहा-साडेसहाशेच्या वर जाऊ नका.

खरं तर सुरुवात फुकटात होते. चार मोठी माणसं म्हणजे जवळपास तीनशे किलो. टाकी भरून घ्या, सगळ्यांना लाइफ जॅकेट घाला, वेकबोर्डचा नेहमीचा ताशी २०-२२ मैलांचा वेग धरा आणि माणसं हलवत लाट बघा. दोघांना मागच्या बाकावरून पुढे, नाळेकडे बसवलं की लाटेचा चढ लांब आणि सौम्य होतो. सगळे मागे बसले तर लाट उभी आणि आखूड होते, कधी माथ्यावर फुटते. एका बाजूला दोन माणसं जास्त झाली तर दुसऱ्या बाजूची लाट फेसाळते. आपल्या बोटीला वजन कुठे हवंय हे या एका दुपारी कळतं. ते कळण्याआधी दुकानात गेलात तर दुकानदार सांगेल ते घेऊन याल.

त्याच दिवशी बोटीवरची क्षमतेची पाटी वाचा. वीस फुटांखालच्या मोटरबोटींवर ती अमेरिकी कायद्याने सक्तीची आहे, आणि तिच्यावरचा कमाल आकडा बॅलास्टसकटचा समजायचा. सहा माणसं आणि चारशे पौंड पाणी मिळून तो ओलांडत असतील तर दोन माणसं काठावर उतरवा. मोठ्या बोटीवर पाटी नसेल तर उत्पादकाचं पुस्तक काढा. विमा कंपनीलाही ईमेल करून लेखी उत्तर घ्या. हे सगळं फुकट आहे, पण लोक नेमकं हेच टाळतात.

आता पाणी भरायच्या पिशव्या. जाड विनाइलच्या या पिशव्यांना सगळे फॅट सॅकच म्हणतात. माप पौंडांत असतं. गॅलनभर पाणी ८.३४ पौंड भरतं, म्हणजे चारशे पौंडांच्या पिशवीत ४८ गॅलन मावतात. आपल्या हिशेबाने सोपं आहे: एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा ही पिशवी साधारण १८० लिटरची. मी पाहिलेल्या भावांत ती दोनशे ते अडीचशे डॉलरला पडते. मागच्या दोन कप्प्यांत, इंजिनच्या दोन्ही बाजूंना, एकेक घाला. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, काठावरून पाण्यात सोडायचा पंप शंभर ते दीडशेला मिळतो. पंपावर तासाला ८०० गॅलन लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने पिशवी चार मिनिटांच्या आत भरायला हवी, पण नळीची लांबी आणि चढ धरून सहा-सात मिनिटं धरा. बोटीचं इंजिन चालू ठेवलं नाही तर बॅटरी बसते. आणि कोणी पोहत असेल तर इंजिन सुरूच करायचं नाही: पंखा आहे, आणि मागून निघणारा कार्बन मोनॉक्साइडही.

एवढ्यात पहिला हंगाम छान जातो. कंटाळा येतो तो नळ्या हाताळण्याचा. तो आला की मगच पक्क्या जोडणीचा विचार करा, कारण खरा खर्च तिथे सुरू होतो.

पक्क्या जोडणीत दोन तऱ्हेचे पंप असतात. एअरेटर पंप स्वस्त, चाळीस ते साठ डॉलरचा, आणि भरभर भरतो. पण तो पाण्याच्या पातळीखाली बसवावा लागतो आणि एकाच दिशेने ढकलतो, म्हणजे भरायला एक आणि उपसायला दुसरा. शिवाय पंप बंद असला तरी बोट धावताना तळाच्या छिद्रातून पाणी आपोआप आत चढू शकतं, किंवा पिशवीतलं ओहोटून बाहेर जातं. ते थांबवायला नळीचा उंच वळसा आणि त्यावर हवेचा व्हॉल्व्ह लागतो. दुसरा प्रकार इम्पेलर पंपाचा. आत रबरी पात्यांचं चाक असतं. बटण उलटं दाबलं की तोच पंप पाणी बाहेर काढतो, आणि बंद असताना पाती पाणी अडवून धरतात. किंमत अडीचशे ते साडेतीनशे. कोरडा चालवला तर रबर जळतं, म्हणून दर हंगामात तीस-चाळीस डॉलरचं नवं चाक घालायची तयारी ठेवा. मी इम्पेलरच्या बाजूचा आहे. आपला वेळ किमती आहे आणि एक पंप दोन कामं करतो.

पंपाखेरीज इंची नळी, क्लॅम्प, स्विच, जाड वायर आणि प्रत्येक पंपाला स्वतंत्र फ्यूज असं मिळून एका पिशवीमागे शंभर-दीडशे धरा. मग तळाला पाडायचं छिद्र. त्यावरचं पितळी तोंड आणि हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह मिळून साठ ते शंभर. इथे दहा डॉलर वाचवायला प्लास्टिकचं घेऊ नका. पाण्याखालचं ते एक फिटिंग गेलं तर बोट जाते. छिद्र पाडायची हिंमत नसेल तर तेवढंच काम मेकॅनिककडून करून घ्या. पूर्ण जोडणी दुकानातून केली तर दोन पिशव्यांना सहा ते दहा तास लागतात आणि तासाचा दर सव्वाशे ते पावणेदोनशे. म्हणजे हजार-दीड हजारांची तर नुसती मजुरी. जोडणी झाली की तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंपही मोठा करा. पन्नासेक डॉलरचं काम आहे.

मी एक चूक केली होती ती सांगतो. दुसऱ्या वर्षी पुढच्या बाकाखाली तिसरी पिशवी टाकली आणि लाट खरोखर सुंदर झाली. भाची पडली म्हणून तिला घ्यायला मी वेग कमी करून वळलो, आणि आमचीच लाट समोरून आली. वजनाने वाकलेल्या नाळेवरून पाणी थेट आत, मांडीपर्यंत. भाचीला काही झालं नाही, कोणालाच झालं नाही, पण त्या दिवशीचे तिचे डोळे मी विसरलेलो नाही. पुढे वजन घालायचं तर मागच्यापेक्षा कमीच. आणि वळण्याआधी लाट पुढे जाऊ द्यायची.

शिशाच्या किंवा पोलादी छऱ्यांच्या पिशव्याही मिळतात. शिसं पाण्याच्या अकरापट जड, त्यामुळे जागा नावाला लागते. पन्नास पौंडांची एक पिशवी शंभर डॉलरच्या आसपास, म्हणजे चारशे पौंडांना आठशे. मी घेत नाही, आणि कारण किमतीचं नाही. बोट पाण्याने भरली तर पिशवीतलं पाणी तिला खाली ओढत नाही, शिसं ओढतं.

कोणी न सांगितलेला खर्च पंख्याचा. हजार पौंड भरले की बोट पाण्यावर यायला धडपडते, इंजिन घुसमटतं, पेट्रोल भसाभस जातं. तेव्हा कमी पिचचा पंखा लागतो, साधारण पाचशे डॉलर. जुना पंखा टाकू नका, सुटा म्हणून बोटीतच ठेवा.

शेवटी पाणी सोडण्याबद्दल. १ जुलै २०१४ पासून टेक्ससमध्ये सार्वजनिक गोड्या पाण्यातून निघताना आणि तिथे जाताना बोटीतलं सगळं पाणी काढणं बंधनकारक आहे. कारण झेब्रा शिंपले. लेक ट्रॅव्हिसमध्ये ते २०१७ मध्ये सापडले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पंपाने उपसल्यावरही पिशवीच्या घडीत चार-पाच लिटर पाणी राहतंच. म्हणून पिशव्या तळ्यातच रिकाम्या करा, ट्रेलरवर चढवल्यावर बूच काढून बोटीचा पुढचा भाग उंच करा, पंप पुन्हा चालवा, आणि दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी पिशव्या बाहेर काढून खडखडीत वाळवा. तळ्यावर पाणी काढायच्या कामाला अर्धा तास लागतो. तो सहलीच्या वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर उन्हात मुलं रडायला लागली की पहिली काट यावरच बसते.

आणि टेक्ससमध्ये थंडी कुठे, असं म्हणू नका. फेब्रुवारी २०२१ च्या गारठ्यात माझ्या दोन पंपांची आवरणं आत उरलेल्या पाण्याने तडकली. सहाशे डॉलर गेले. आता नोव्हेंबरात गुलाबी अँटिफ्रीझचे दोन गॅलन नळ्यांतून फिरवतो. दहा-बारा डॉलर पडतात.